किंमत नव्हे, माणसं मोजणारा कायदा

टेक्सासमध्ये कुणाच्या दारातून कुरिअरने आलेलं 60 डॉलरचं पार्सल चोरलं, तर 2019च्या ऑगस्टपर्यंत जास्तीत जास्त शिक्षा होती 500 डॉलर दंड. तुरुंगवास नाही. 1 सप्टेंबर 2019पासून त्याच चोरीला एक वर्षापर्यंत कैद आणि 4,000 डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो.

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात टपालचोरीला आधीपासूनच 5 वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आहे. पण हे संरक्षण सरकारी टपालखात्यामार्फत आलेल्या वस्तूंपुरतं. यूपीएस, फेडेक्स किंवा अ‍ॅमेझॉनच्या गाडीतून आलेला खोका राज्याच्या साध्या चोरीच्या कलमात जायचा आणि तिथे शिक्षा ठरायची किमतीवर. टेक्सासच्या त्या कलमात 100 डॉलरच्या आत नुसता दंड; 100 ते 750 डॉलरपर्यंत 180 दिवसांपर्यंत कैद.

2019च्या कायद्याने खासगी कुरिअरचं पार्सलही टपालात धरलं आणि किती जणांचं टपाल चोरलं, यावर शिक्षा ठरवली:

• 10पेक्षा कमी जणांचं : 1 वर्षापर्यंत कैद
• 10 ते 29 जणांचं : 180 दिवस ते 2 वर्षं
• 30 किंवा अधिक जणांचं : 2 ते 10 वर्षं

शेवटच्या दोन पायऱ्यांवर दंड 10,000 डॉलरपर्यंत जातो.

फ्लोरिडाने किमतीचाच निकष ठेवला आणि उंबरठा खाली आणला. ऑक्टोबर 2024पासून तिथे घराच्या आवारातून 40 डॉलरची वस्तू चोरणं हा 5 वर्षांपर्यंत कैदेचा गंभीर गुन्हा ठरतो. आधी ही मर्यादा 100 डॉलर होती.

मला टेक्सासची वाट अधिक न्याय्य वाटते. बंद खोक्यात रक्तदाबाच्या गोळ्या आहेत की मोजे, हे चोराला ठाऊक नसतं. गोळ्यांची किंमत 30 डॉलर असली, तरी त्यांच्याविना काढलेले चार दिवस पावतीवर दिसत नाहीत. उलट 45 डॉलरच्या एकाच चोरीसाठी गंभीर गुन्ह्याची नोंद झाली, तर ती पुढे नोकरी आणि भाड्याचं घर मिळवताना आडवी येते. गल्लीच्या गल्ली साफ करणारा आणि एकदाच हात मारणारा, यांत कायद्याने फरक केलाच पाहिजे.

पण ही मोजणी तक्रारींवर उभी आहे. कंपनीने पैसे परत केले की पोलिसांकडे जायचा कंटाळा येतो. ह्यूस्टन-डॅलसमधल्या मराठी कुटुंबांनी तरी तो करू नये. तिसावी तक्रार झालीच नाही, तर 30 जणांना लुटणारा 29 जणांचीच शिक्षा भोगून सुटेल.