पोरगी जेवत नाही, हा हट्ट की आजार?

मुदखेडच्या फुलमळ्यांत पहाटे तोडणीला जाणाऱ्या आपल्या माता-भगिनी पुष्कळदा कोऱ्या चहावरच घरातून निघतात. संध्याकाळी आधी नवरा, मग लेकरे आणि शेवटी उरलेसुरले आपण, ही घरोघरची रीत. अशा घरात एखादी पोर ताट पुढे सारून "भूक नाही" म्हणाली तर कोणाच्या ध्यानातही येत नाही. ध्यानात आलेच तर आई म्हणते, "नखरे करायली." शेजारीण म्हणते, "बाहेरचं काही लागलंय, दाखवून आणा." दोघींचेही चुकते.

समजा, दहावीतली मुलगी आहे. आधी तिने भात सोडला, मग भाकरी अर्धीवर, पुढे चतकोरावर आली. पोट गच्च वाटते, मळमळते, दोन घासांत पोट भरते, एवढेच ती सांगते. आम्लपित्ताच्या गोळ्या झाल्या, सोनोग्राफी झाली, काही निघाले नाही. दरम्यान कपडे ढगळ झाले, केस गळू लागले, उन्हाळ्यातही तिला थंडी वाजते, तीन महिने पाळी नाही. तरी ती म्हणते, "मला काही झालं नाही."

या आजाराला डॉक्टर अॅनोरेक्सिया नर्व्होसा म्हणतात. त्याचे वर्णन १८७३ साली लंडनचे डॉ. विल्यम गल आणि पॅरिसचे डॉ. लासेग यांनी केले. दुसरा प्रकार बुलिमिया. यात माणूस भराभर अतोनात खातो आणि मग पश्चात्तापाने घशात बोटे घालून ओकतो किंवा जुलाबाच्या गोळ्या घेतो. इंग्लंडच्या राजघराण्यातील डायना यांनी १९९५ साली बीबीसीच्या मुलाखतीत आपल्याला हा आजार असल्याचे सांगितले, आणि जगाची समजूत झाली की हे राजवाड्यातले दुखणे. पण त्याच १९९५ साली दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. खंडेलवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच भारतीय तरुणींची हकिकत प्रसिद्ध केली. त्या जेवण नाकारत होत्या, सतत ओकत होत्या, वजन फार उतरले होते, पाळी थांबली होती. मात्र "मी जाड आहे" हे पाश्चात्त्य मुलींचे नेहमीचे म्हणणे त्यांच्यात आढळले नाही. आपल्याकडे हा आजार पोटाच्या तक्रारीचे रूप घेऊन येतो, म्हणूनच तो ओळखू येत नाही.

बुलिमिया तर अधिकच लपतो, कारण वजन फारसे उतरत नाही. जेवण झाले की लगेच मोरीत जाणे, बोटांच्या सांध्यांवर दातांचे वण, गाल सुजल्यासारखे दिसणे, दात झिजणे, डब्यातले खाणे गुपचूप संपणे, यांवर लक्ष ठेवावे. वर्षावासात उपोसथाच्या दिवशी अष्टशील पाळून दुपारनंतर न जेवणे निराळे. तेच निमित्त रोज पुढे होऊ लागले तर निराळे. आणि हे मुलींपुरतेच नाही. भरतीसाठी पहाटे पळणारी पोरेही "वजन वाढेल" म्हणून जेवण टाकू लागली तर विचारावे.

मात्र प्रत्येक बारीक पोर मनाची रोगी नसते. क्षयरोग, थायरॉइड, मधुमेह, रक्तक्षय यांची तपासणी आधी झाली पाहिजे. आणि ज्या घरात पिठाचा डबाच रिकामा आहे तिथे हा आजार शोधू नये, तिथे रेशन आणि मजुरीचा प्रश्न आहे.

मानसिक आजारांत जीव घेणाऱ्या आजारांपैकी हा एक आहे. वारंवार ओकल्याने रक्तातले पोटॅशियम घटते आणि हृदय एकाएकी थांबू शकते. म्हणून चक्कर येऊन पडणे, छातीत धडधड, पायांवर सूज, नाडी मंद होणे किंवा "जगावंसं वाटत नाही" असे बोलणे आले की त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्यावे. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम भरपूर खाऊ घालणेही घातक ठरते, क्षार बिघडतात. तेव्हा घरी दांडगाईने भरवू नये. खाणे किती आणि कसे वाढवायचे ते डॉक्टर ठरवतील.

उपचार दोन्ही बाजूंनी होतो. शरीराचा डॉक्टर वजन आणि रक्त पाहतो, मानसोपचारतज्ज्ञ मनातली भीती काढतो. लहान वयात आईबापांना सोबत घेऊन, त्यांच्या देखरेखीत जेवण लावण्याची पद्धत चांगली लागू पडते. बुलिमियात विचार बदलण्याची समुपदेशन-पद्धत आणि काही गोळ्यांचा उपयोग होतो. याला महिने लागतात. दोन फेऱ्यांत गुण नाही म्हणून भगताकडे वळणाऱ्यांनी तेवढे ध्यानात घ्यावे.

मुदखेडहून नांदेड रेल्वेने जवळ आहे. विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभागाची चौकशी करावी. जायला जमत नसेल तर २०२२ पासून सुरू असलेल्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस मोफत आहे, मराठीतून बोलता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारिद्र्यरेषेखालील माणसाला, पिवळे कार्ड असो वा नसो, सरकारी सेवेत मोफत उपचाराचा हक्क दिला आहे, आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचाही. लग्न जमणार नाही या भीतीने गप्प बसणाऱ्या घरांनी हे शेवटचे वाक्य पुन्हा वाचावे.

जाताना शेवटच्या पाळीची तारीख, वर्षभरापूर्वीचे वजन माहीत असल्यास ते, आधीच्या गोळ्यांची पाकिटे आणि कागद बरोबर घ्यावेत. पोरीला डॉक्टरांशी थोडा वेळ एकटीला बोलू द्यावे. आईने तेवढा वेळ बाहेर बाकावर बसावे.