पंचवीस पानं आणि एक पत्र

2025 च्या जानेवारीत समाजमाध्यमांवर एक दावा गाजला. सावित्रीबाई फुले यांच्या सहकारी म्हणून आपण ज्यांना ओळखतो, त्या फातिमा शेख कधी नव्हत्याच म्हणे! आमची लेक तेव्हा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होती आणि तिचा प्रकल्प नेमका फातिमा शेख यांच्यावरच होता. वर्गात थट्टा झाली. रात्री आम्ही सगळे मोबाईल घेऊन बसलो. वीस-पंचवीस पानं सापडली, जन्मतारीख सगळीकडे एकच : 9 जानेवारी 1831. वाटलं, मिळाला पुरावा.

कॉलेजच्या ग्रंथपाल मॅडमनी ती पानं चाळून एवढंच विचारलं, "बेटा, ही तारीख कुठून घेतली, ते यातल्या कुणी लिहिलंय?" एकानेही नव्हतं. वाक्यंसुद्धा बहुतेक तीच. म्हणजे पंचवीस साक्षीदार नव्हतेच, एकाच मजकुराच्या नकला होत्या. 2022 मध्ये गुगलने त्याच तारखेला डूडल केलं होतं, पण डूडल म्हणजे दाखला नव्हे.

मग मॅडमनी कपाटातून मा. गो. माळी यांनी संपादित केलेलं 'सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय' काढून दिलं. पान सांगितलं नाही, अनुक्रमणिकेवरून शोधायला लावलं. 10 ऑक्टोबर 1856 चं पत्र सापडलं. आजारपणात माहेरी, नायगावला असलेल्या सावित्रीबाईंनी ते जोतिरावांना लिहिलं होतं. आपल्या मागे फातिमाला त्रास पडत असेल, ही काळजी त्यात आहे. आडनाव नाही, जन्मतारीख नाही. पत्र काय सांगतं आणि काय सांगत नाही, हे मॅडमनी तिच्याकडून वेगवेगळं लिहून घेतलं.

लेकीने प्रकल्पातून तारीख गाळली. आम्हाला ते जड गेलं. आपल्याच माणसाची माहिती आपणच का कमी करायची? ती म्हणाली, "अब्बू, उद्या कुणी तारीख खोटी ठरवली, तर लोक पत्रावरही विश्वास ठेवणार नाहीत."

बहुतेक कॉलेजांत ग्रंथालयाची ओळख म्हणजे वेळ, ओळखपत्र आणि दंड. हे असं शिकवणं अभ्यासक्रमात क्वचितच असतं. मुलीने विचारलं म्हणून झालं. 'एन-लिस्ट'वरची नियतकालिकं कॉलेजमार्फत वाचता येतात, 'शोधगंगा'वर प्रबंध मोफत आहेत, हेही तिला तिथेच कळलं. फी भरताना आम्ही याबद्दल कधी विचारलंच नव्हतं.

परवा नानांनी घरच्या ग्रुपवर मधुमेहाचा एक रामबाण इलाज टाकला. लेकीने खाली लिहिलं, "नाना, हे सर्वांत आधी कोणी लिहिलं?" नानांचं उत्तर अजून आलेलं नाही.