मायलेज वाढवणारं डिव्हाइस: एजन्सी घेण्याआधी हे वाचा



"सर, इंधन वाचवणाऱ्या डिव्हाइसची तालुक्याची एजन्सी मिळतेय. ५० पीस घ्यायचे, पैसे आधी भरायचे. घेऊ का?" हा प्रश्न इतक्या वेळा आलाय की उत्तर एकदाच लिहून ठेवतो.

आधी सेल्समनचं गणित बघू. छोटा टेम्पो दिवसाला ६० किलोमीटर फिरतो, लिटरला १५ देतो. म्हणजे रोज ४ लिटर डिझेल. २० टक्के बचत म्हणजे ०.८ लिटर. डिझेल ९० रुपये धरलं तर रोजचे ७२ रुपये, २६ दिवसांचे १,८७२ रुपये. "दीड हजाराचं डिव्हाइस एका महिन्यात फिटतं, दादा!" गुणाकार बरोबर आहे. गडबड त्या २० टक्क्यांत आहे.

ते २० टक्के येणार कुठून?

चांगल्या स्थितीतलं आजचं इंजिन जवळपास सगळं इंधन जाळतं. न जळता बाहेर जाणारा भाग अगदी थोडा. मग "इंधन पूर्ण जाळतो" म्हणणारं यंत्र उरलंसुरलं सगळं जाळील, तरी २० टक्के भरणार नाहीत. खरा तोटा उष्णतेचा आहे. इंधनातली अर्ध्याहून जास्त ऊर्जा रेडिएटर आणि सायलेन्सरमधून निघून जाते. पाइपवर चुंबक बांधून ती परत मिळत नाही.

पाण्यापासून गॅस बनवणारं किट? त्याला वीज लागते. ती वीज गाडीचा अल्टरनेटर देतो आणि अल्टरनेटर इंजिनवर चालतो. म्हणजे आपल्याच गल्ल्यातून पैसे काढून आपल्याच दुकानात खरेदी करायची आणि वर "आज विक्री वाढली" म्हणायचं. प्रत्येक फेरीत घट ठरलेली.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, १९७० च्या दशकापासून अशी १०० हून अधिक उपकरणं तपासली. बहुतेकांनी काहीच फरक पडला नाही. मोजक्यांनी पडला, तोही किरकोळ.

मग लोक "फरक पडला" का म्हणतात?

सगळेच खोटं बोलत नाहीत. पैसे घालून डिव्हाइस बसवलं की माणूस मायलेजकडे लक्ष देतो. अॅक्सिलरेटर हलका दाबतो, हवा तपासतो, सिग्नलला इंजिन बंद करतो. बचत होते, पण ती पायाने केलेली असते. नाव डिव्हाइसचं होतं.

पैसे भरण्याआधी ही टेस्ट करा

एक पीस मागा. टाकी फुल करा, ठरलेल्या रूटवर, तेवढाच माल घेऊन आठवडा चालवा, पुन्हा फुल करून लिटर लिहा. मग डिव्हाइस लावून एक आठवडा, काढून परत एक आठवडा. ड्रायव्हरला कधी लावलंय ते सांगू नका. कंपनी एक पीस टेस्टला द्यायला तयार नसेल, तर तुम्हाला उत्तर मिळालं.

आणखी एक. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादकाला किंवा जाहिरातीत शिफारस करणाऱ्याला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. स्टेटसला "२० टक्के गॅरंटी" टाकण्याआधी हे आठवा.

विकायचंच असेल तर हे विका

टायरमधली योग्य हवा, घासत राहणारे ब्रेक मोकळे करणं, वेळेवर सर्व्हिसिंग, गाडीतलं फालतू वजन कमी करणं, उभ्या गाडीचं इंजिन बंद ठेवणं. यातून खरोखर इंधन वाचतं. गावातल्या १०-१५ टेम्पोवाल्यांकडे दर पंधरवड्याला जाऊन हवा तपासायची, डिझेलचा हिशोब वहीत लिहून द्यायचा आणि ठरावीक फी घ्यायची. मार्जिन कमी वाटेल, पण गिऱ्हाईक दर महिन्याला परत येईल.

ते ५० पीस मात्र गावात, ओळखीच्याच माणसांना विकावे लागतात. महिन्याभराने तीच माणसं चहाच्या टपरीवर भेटतात. कंपनीचा फोन तोवर बंद झालेला असू शकतो. तुमचं दुकान तिथंच असतं.