फटींच्या मागावर एक पंखा

न्यू जर्सीतल्या मराठी घरांमध्ये हिवाळ्यात एक तक्रार हमखास कानावर येते: हीटर दिवसभर चालतो, तरी पाय गारच. संपादकांनी मला या तक्रारीच्या मागे धाडलं आणि मी ब्लोअर डोअर नावाच्या यंत्रापाशी रेंगाळले.

मुख्य दाराच्या चौकटीत नायलॉनचा पडदा ताणून बसवतात, त्यात पंखा. तो घरातली हवा बाहेर फेकतो. आतबाहेरच्या दाबातला फरक 50 पास्कलवर स्थिरावला, की जितकी हवा बाहेर जाते तितकीच फटींतून आत शिरत असते. ते घराच्या गळतीचं माप. 50 पास्कल म्हणजे पाण्याच्या जेमतेम पाच मिलिमीटर थराचा दाब. पण तेवढ्यानंही सिंकखालच्या नळाभोवतून वारा हाताला लागतो.

ही चाचणी करणारा तंत्रज्ञ खिडक्यांपाशी थांबलाच नाही, थेट पोटमाळ्यावर चढला. उबदार हवा वरच्या भोकांतून निसटते आणि तिच्या जागी खालून गार हवा ओढली जाते. पाय गारठतात ते म्हणून. त्यानं फायबरग्लासची गादी उचलली. खालची बाजू काळवंडली होती. इतकी वर्षं हवा तिच्यातून गाळली जात होती, धूळ मागे ठेवून. त्या डागांवरून भोकं शोधण्याची त्याची नजर मला विलक्षण वाटली.

याच राज्यात, ट्विन रिव्हर्स वसाहतीत, 1970च्या दशकात प्रिन्स्टनच्या गौतम दत्त आणि सहकाऱ्यांना हे उमगलं: पोटमाळ्यात इन्सुलेशन असूनही भिंतींतल्या पोकळ्यांतून आणि धुराड्याभोवतीच्या मोकळ्या जागेतून ऊब हिशेबापेक्षा कितीतरी जास्त निघून जात होती.

ही भोकं बुजवणं मात्र सोपं नाही. धुराड्याला फोम लावायचा नाही. तिथे पत्रा आणि आग सोसणारं सीलंट लागतं. जुन्या इन्सुलेशनमध्ये व्हर्मिक्युलाइट निघालं, तर ॲस्बेस्टॉसच्या शंकेनं काम तिथेच थांबतं. घर घट्ट झालं की स्वयंपाकघराचा आणि बाथरूमचा पंखा हवा खेचतो, तेव्हा गॅसच्या वॉटर हीटरचा धूर धुराड्यातून वर जाण्याऐवजी घरात उलटू शकतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो, आणि त्याला वास नसतो. स्वस्तात फटी बुजवून देणारे काही जण धूर असा उलटतो का याची तपासणी गाळतात, याची मला खरी धास्ती वाटते.

म्हणून घर बंदिस्त करून घ्याच, पण काम संपल्यावर सगळे पंखे चालू ठेवून वॉटर हीटरच्या धुराची चाचणी तुमच्यासमोर झाल्याशिवाय पैसे चुकते करू नका.