पिशवी शिवली, पण मजुरी धरली का?



कापूस वेचायला जाताना कमरेला जुन्या लुगड्याची झोळी बांधणारी आपल्याकडची बाई ती शिवायला कुणाच्या क्लासला गेली नव्हती. आजीची चंची आठवून बघा. पानाला वेगळा कप्पा, सुपारीला वेगळा, कात अन् चुन्याच्या डबीला वेगळा, आणि सगळं गुंडाळून बांधायला वर नाडी. बाळंतिणीच्या घरी कुंची, टकुचं, दुपटं हे सगळं घरातल्या घरातच व्हायचं. म्हणजे शिवणं आपल्या हाताला आहेच. आपलं अडतं ते वहीत.

माझंच सांगते. काही वर्षांपूर्वी संक्रांतीच्या वाणासाठी मला ४० बटव्यांची ऑर्डर मिळाली. ३० रुपयाला एक असे दिले. १,२०० रुपये एकदम हातात आले, फार बरं वाटलं. आठ दिवसांनी गटाच्या बैठकीत सहज वहीत मांडलं. पाच खणांचे ५०० रुपये, अस्तराचे २००, नाडी आणि मण्यांचे २००, दोरा ५० रुपये. झाले ९५०. उरले २५०. कापणं, शिवणं, नाड्या ओवणं धरून १५ तास गेले होते. तासाला १७ रुपयेसुद्धा पडले नाहीत. तेवढ्या वेळात शेजारणीसोबत वेचणीला गेले असते तर जास्त मिळालं असतं. बटवे चांगले झाले होते, सगळ्यांना आवडले होते. मी फक्त माझी मजुरी धरली नव्हती.

तेच ४० बटवे ४५ रुपयांनी दिले असते तर ८५० रुपये उरले असते, म्हणजे तासाला साधारण ५७ रुपये. पुढच्या वर्षी त्याच ताईंना ४५ रुपये सांगितले. त्यांनी घेतले. मागच्या वर्षी मी मागितलेच नव्हते.

भाजीच्या पिशवीचं माप

आता दुसरी वस्तू घेऊ, जी बहुतेक गट आधी करायला घेतात. ती म्हणजे मांजरपाटाची भाजीची पिशवी. पन्हा ३६ इंच असलेलं कापड धरू.

- कोरा मांजरपाट पाण्यात आटतो. म्हणून कापायच्या आधी रात्रभर भिजवा, वाळवा, इस्त्री करा. दहा पिशव्यांना पाच मीटर लागतं, पण आटण्याचं धरून साडेपाच मीटर घ्या.
- एका पिशवीला १५ इंच रुंद आणि ३५ इंच लांब असा एकच तुकडा, पन्ह्याच्या दिशेने कापायचा. मधोमध दुमडला की तळाला जोड येत नाही. जोड नाही म्हणजे तळ उसवायची भीती नाही.
- बंदांसाठी ४ इंचांची पट्टी पूर्ण पन्हाभर कापायची आणि तिचे दोन सारखे भाग करायचे. प्रत्येक भाग चार पदरी दुमडून एक इंचाचा बंद करा, दोन्ही कडांना टीप मारा.
- बाजूची शिलाई उलटसुलट करा. आधी कापडाची सुलट बाजू बाहेर ठेवून काठापासून पाव इंचाच्या आत एक टीप. मग पिशवी उलटी करून तिच्याच शेजारी दुसरी टीप. कापडाचे धागे आतच बंद होतात. इंटरलॉकचं मशीन नसलं तरी माल दुकानातल्यासारखा दिसतो.
- पिशवी उलटी असतानाच तळाचा कोपरा त्रिकोणी ओढा आणि टोकापासून दोन इंचांवर आडवी टीप मारा. दोन्ही कोपरे असे शिवले की तळाला चार इंचांची बैठक येते, पिशवी जमिनीवर उभी राहते.
- तोंडाला आधी अर्धा इंच, मग एक इंच दुमड घाला. बंदांची टोकं त्या दुमडीत घ्या, बाजूपासून साडेतीन इंचांवर. तिथं चौकोन शिवून त्यात फुली मारा. पिशवी नेहमी इथंच फाटते.

पहिली पिशवी झाली की तिच्यात पाच किलो ज्वारी भरून रात्रभर खुंटीला टांगा. सकाळी बंद ताणलेला नसला, टीप सुटलेली नसली, तर पुढच्या नऊ शिवा. जाड कापडाला १६ नंबरची सुई लावा. १४ नंबरची सुई मोडते, नाहीतर टाके सोडते.

आता हिशेब

खालचे भाव समजायला धरलेले आहेत. तुमच्या बाजारातले भाव घालून तुम्ही पुन्हा मांडा.

दहा पिशव्यांसाठी:
- कापड साडेपाच मीटर, ६० रुपयांनी: ३३० रुपये
- दोरा: २० रुपये
- सुई, तेल, वीज: १० रुपये
- बाजाराला जायचं-यायचं एसटीचं भाडं: ४० रुपये
- एकूण सामान: ४०० रुपये

म्हणजे नुसत्या सामानाचेच ४० रुपये एका पिशवीला. वेळ लागला कापण्यासकट सहा तास. गावात खुरपणीची रोजंदारी आठ तासांना ३२० धरली, तर तासाला ४० रुपये. सहा तासांचे २४०. सगळे मिळून ६४० झाले, म्हणजे एक पिशवी आपल्याला ६४ रुपयांना पडली.

ही पिशवी ३० रुपयांना विकली तर कापडाचेसुद्धा पैसे निघत नाहीत. ५० ला विकली तर दहा पिशव्यांमागे १०० रुपये उरतात, तासाला १७. ७५-८० ला विकली तरच मजुरी सुटते आणि मशीनच्या दुरुस्तीला, न खपलेल्या मालाला चार पैसे राहतात.

आपल्या राज्यात २३ मार्च २०१८ ला प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. तेव्हा वाटलं, आता कापडी पिशवीला भाव येणार. पण भाजीवाल्याकडं १० रुपयांची पिशवी मिळत असताना आठवडी बाजारात ८० रुपयांची पिशवी थोड्याच जणी घेतात. म्हणून भाजीची पिशवी ऑर्डर आल्यावरच शिवा. एखाद्या दुकानाचं नाव छापून पाहिजे असेल, लग्नात आहेर द्यायला पाहिजे असेल, शाळेच्या कार्यक्रमाला पाहिजे असेल, तिथं ती चालते. घरात शंभर शिवून ठेवायची वस्तू ती नाही.

बटव्याचं गणित वेगळं आहे. त्यात कापड थोडं जातं आणि हाताचं काम नजरेत भरतं. माणूस कापडाचे पैसे मोजून देतो, पण हाताची सफाई दिसली की दहा-वीस रुपये जास्त द्यायला कुरकुर करत नाही. बटवा, मोबाईलची पिशवी, चष्म्याचं घर, पूजेच्या सामानाची पोटली, बाळाची कुंची-दुपट्याचा जोड, अशा लहान वस्तूंकडं आपण बघायला हवं ते यासाठीच.

ट्रंकेतल्या ब्लाउजपीसचे आठ बटवे

ओटीत आलेले ब्लाउजपीस प्रत्येकीच्या ट्रंकेत पडलेले असतात. शिवले जात नाहीत, फक्त एका घरातून दुसऱ्या घरात फिरत राहतात. ८० सेंटिमीटर लांबीच्या आणि किमान ३६ इंच पन्ह्याच्या एका पीसमधून ७ बाय ९ इंचांचे १६ तुकडे निघतात, म्हणजे आठ बटव्यांची बाहेरची बाजू. तेवढंच अस्तर लागतं. पीस अगदी पातळ असेल तर तो अस्तराला वापरा आणि बाहेरून खण किंवा साडीचा काठ लावा.

तोंडाच्या दीड इंच खाली पाऊण इंचाचा नेफा काढा. नेफ्याच्या जागी दोन्ही बाजूंची शिवण मोकळी सोडा आणि १८ इंचांच्या दोन नाड्या समोरासमोरून ओवा. एकच नाडी घातली तर बटवा एका बाजूला ओढला जातो.

घरातलं कापड फुकट धरू नका. वहीत त्याची किंमत लिहा, मग ती थोडी का असेना. नाहीतर ट्रंक रिकामी झाल्यावर विकत कापड आणाल आणि जुना भाव परवडणार नाही. वापरलेल्या साडीचा माल असेल तर गिऱ्हाइकाला तसं सांगून विका.

आणखी एक चांगलं काम आहे. गिऱ्हाईक स्वतःची साडी आणून देतं. आईच्या साडीच्या बहिणींसाठी चार पिशव्या, आजीच्या लुगड्याचं नातवाला दुपटं. यात आपलं भांडवल अडकत नाही, माल पडून राहत नाही, फक्त शिलाई घ्यायची. पण कात्री लावायच्या आधी माप आणि नग कागदावर लिहून त्यांची सही घ्या. त्या घरात ती साडी पुन्हा येणार नाही.

रंग आणि उसवण

माझ्या पहिल्या ऑर्डरमधल्या काही बटव्यांच्या लाल अस्तराचा रंग गेला. एका ताईच्या बटव्यात ओलं हळदी-कुंकू पडलं, आणि तिच्या पांढऱ्या साडीला डाग लागला. तेव्हापासून नियम केला. नवं कापड आणलं की कोपरा ओला करायचा आणि पांढऱ्या फडक्यावर जोरात घासायचा. रंग उतरला तर ते कापड वापरायचं नाही, कितीही स्वस्त असू द्या. माल देताना प्रत्येक नग उलटा करून बघा, लोंबणारे दोरे कापा. गटाचा माल एकीचा खराब निघाला तरी नाव सगळ्यांचं जातं.

वेळ कधी काढायचा?

अडचण इथंच आहे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदी-कुंकू चालतं, वाणाची मोठी मागणी तेव्हाच. आणि नेमकी दिवाळीपासून पुढं कापसाची वेचणी असते. वेचणीचा पैसा कुणी सोडू शकत नाही, सोडूही नये. म्हणून काम उलट्या बाजूनं लावा. खुरपणी उरकली की, पोळा ते दसरा या दिवसांत, तुकडे कापून, अस्तर जोडून, दहा-दहाचे गठ्ठे बांधून ठेवा. ऑर्डर नोव्हेंबरमध्येच घ्या. डिसेंबरच्या संध्याकाळी फक्त नेफा, नाडी आणि मणी राहतील.

बाकीचं वर्षही मोकळं नाही. लग्नसराईत रुखवत असतं, फेब्रुवारीत परभणीला उरूस भरतो, आषाढीच्या आधी गंगाखेडकडून दिंड्या जातात तेव्हा खांद्याच्या पिशवीला गिऱ्हाईक असतं, नवरात्रात ओटीचं सामान लागतं.

मोठ्या ऑर्डरची वाट बघत बसू नका, असं मी अनुभवानं सांगते. २०२० मध्ये गावोगावच्या गटांनी मास्क शिवले, नंतर ती गरजच संपली. २०२४-२५ ला शाळेच्या गणवेशाची शिलाई बचत गटांकडे आली, पुढं तो अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेला. असं काम आलं तर जरूर करा. पण त्याच्या भरवशावर कर्ज काढून चार मशीन घेऊ नका. आधी घरातल्या जुन्या काळ्या मशीनवर दोन हंगाम काढा, वहीत मजुरी सुटलेली दिसू द्या, मग गटाचं कर्ज घ्या.

शिवणकाम नीट शिकायचं असेल तर जिल्ह्याच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आरसेटीत, प्रशिक्षण मोफत असतं. पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकामाचा समावेश आहे. त्यात अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे, पण एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो. नोंदणीची चौकशी सेवा केंद्रात करा.

गटात काम वाटताना

एक कापणारी, दोघी शिवणाऱ्या, एक नाडी-मणी ओवणारी, एक तपासणारी. प्रत्येक कामाला नगामागं दर आधीच ठरवा आणि वहीत नावापुढं नग लिहा. "नंतर बघू" म्हटलं की तिथूनच मनं दुखावतात. नाडी ओवणाऱ्या म्हाताऱ्या मावशीचेही पैसे धरा. ऑर्डर घेताना निम्मी रक्कम आधी घ्या. ओळखीच्या घरी मागायला लाज वाटते हे खरं, पण कापडवाला आपल्याला उधार देत नाही.

येत्या बैठकीत एक काम करा. प्रत्येकीनं शिवलेली एक वस्तू आणा. वहीत चार ओळी लिहा: सामान किती, वेळ किती, मजुरी किती, विकली कितीला. चौथा आकडा पहिल्या आणि तिसऱ्या आकड्याच्या बेरजेपेक्षा कमी निघाला, तर त्याच बैठकीत नवा भाव ठरवा आणि पुढच्या गिऱ्हाइकाला सगळ्याजणी तोच सांगा. एकीनं ४५ सांगायचे आणि दुसरीनं गुपचूप ३० ला द्यायचे, असं झालं तर कुणाचीच मजुरी सुटणार नाही.