आवाज बिघडतो तो कोठे?

घरातील रेडिओचा आवाज बिघडला म्हणजे त्याचे खापर बहुधा रेडिओवरच फुटते, आणि ज्या यंत्राने प्रातःकाळच्या भक्तिगीतांपासून रात्रीच्या बातम्यांपर्यंत वर्षानुवर्षे इमानेइतबारे चाकरी केली, ते कसलीही चौकशी न होता माळ्यावर चढते किंवा भंगारवाल्याच्या हवाली होते. वास्तविक प्रक्षेपणकेंद्रातून निघालेला ध्वनी आपल्या कानी पडेपर्यंत कोठे नासला, आकाशात, घरात की खुद्द संचात, याची खातरजमा केल्यावाचून संचास दोषी ठरवणे अन्यायाचे होय. आणि माझे स्पष्ट मत असे आहे की, आजच्या पुष्कळ तक्रारींत संच निर्दोष असून अपराधी आपल्याच घरात विजेच्या तारेला लोंबकळत असतो.

‘आवाज खराब येतो’ एवढ्या मोघम फिर्यादीवर तपास चालत नाही. अखंड घुमणारी घरघर, बटण फिरवतानाच होणारी करकर, गाण्यातील खर्जाच्या स्वराबरोबर उठणारी फडफड, केंद्र दूर असल्याची खूण असलेला बारीक सूंकार आणि रात्री कानात घुसणारी शिट्टी यांची कुळे निरनिराळी आहेत. म्हणून रेडिओ उघडण्यापूर्वी काही वेळ तो नुसता लक्ष देऊन ऐकावा, आणि दोष कोणत्या वेळी, कोणत्या केंद्रावर व कोणत्या खोलीत उद्भवतो याची नोंद करावी.

मीडियम वेव्हवर, उदाहरणार्थ पुणे केंद्राच्या ७९२ किंवा मुंबईच्या अस्मिता वाहिनीच्या ५५८ किलोहर्ट्झवर, वाहक लहरीची उंची बोलण्यागाण्याच्या चढउताराबरहुकूम कमीजास्त केली जाते. परंतु आकाशातील वीज, मोटारीची ठिणगी आणि शेजारचा मिक्सर हेदेखील नेमक्या त्याच उंचीत ढवळाढवळ करीत असल्यामुळे गायन कोणते आणि उपद्रव कोणता हा विवेक संचाला करता येत नाही. या उपद्रवाशी झुंजलेल्या एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकन अभियंत्याने १९३३ साली ज्या एफएम पद्धतीची पेटंटे मिळवली, तिच्यात लहरीच्या उंचीऐवजी तिची कंपनसंख्या बदलते, आणि म्हणून उंचीत शिरलेला गोंगाट संचाला छाटून टाकता येतो. मात्र एफएमच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. घाटपायथ्याच्या गावाला सह्याद्रीच आडवा येतो, तर महानगरात तीच लहर उंच इमारतींवर आपटून दोन वाटांनी घरात शिरते आणि ‘स’, ‘श’ ही अक्षरे फाटल्यासारखी ऐकू येतात. या लहरींची लांबी सुमारे तीन मीटर असल्यामुळे संच हात-दीड हात सरकवल्यानेदेखील जमीनअस्मानाचा फरक पडू शकतो. एरियलची दांडी साधारण पाऊण मीटर उघडली की पुरे.

सूर्यास्तानंतर मीडियम वेव्हचा मामला पालटतो. दिवसा वातावरणातील ज्या खालच्या विद्युद्भारित थरात आकाशमार्गी लहरी शोषल्या जातात, तो रात्री विरून जातो, आणि त्या लहरी वरच्या थरांवरून परावर्तित होऊन शेकडो मैल दूर उतरतात. परमुलुखातील केंद्रे आपल्या केंद्राशी भिडून शिट्टी घालतात ती यामुळेच; आणि केंद्रापासून ज्या अंतरावर जमिनीवरून आलेली लहर व आकाशातून उतरलेली लहर सारख्याच जोराच्या ठरतात, तेथे आवाज हळूहळू बुडतो, विकृत होतो आणि पुन्हा वर येतो. ही निसर्गाची व्यवस्था आहे; तिच्यासाठी कारागिराला पैसे मोजण्यात हशील नाही.

घराचा मामला मात्र सर्वस्वी आपल्या हातातला आहे. हल्लीच्या एलईडी दिव्यात आणि मोबाइलच्या चार्जरमध्ये विजेचा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा चालूबंद करणारे लहानसे मंडल असते. ते गाळणीच्या घटकांत काटकसर करून बनवले असेल, तर त्याच्या कंपनांची पिलावळ थेट मीडियम वेव्हपर्यंत पसरते आणि घरातील वायरिंगच तिचे प्रक्षेपण करू लागते. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरही विजेची लाट सेकंदाला शंभर वेळा कापतो आणि त्यातून ओळखू येण्याजोगी रखरख उत्पन्न होते. याची परीक्षा बिनखर्चाची आहे. सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर क्षीण केंद्रावर लावावा आणि घराचा मेन स्विच बंद करावा. आवाज तत्क्षणी निवळला तर चोर घरातच आहे असे समजून मेन पुन्हा चालू करावा व एकेक दिवा, पंखा, चार्जर क्रमाने लावीत जावे. जो लागताच खरखर उठेल, तो बदलावा किंवा रेडिओच्या वेळी बंद ठेवावा. घर अंधारात असूनही खरखर कायम राहिली, तर शेजाऱ्यांकडे किंवा रस्त्यावरील तारांकडे संशय वळवण्यास हरकत नाही.

मीडियम वेव्हच्या ट्रान्झिस्टरमध्ये आडवी बसवलेली फेराइटची काळी कांडी हाच त्याचा एरियल होय, हे अनेकांना ठाऊक नसते आणि ते विनाकारण एफएमची दांडी ओढीत बसतात. या कांडीची लांब बाजू केंद्राच्या दिशेला असली म्हणजे ग्रहण सर्वोत्तम होते, आणि तिचे टोक केंद्राकडे वळले की ते जवळजवळ नाहीसे होते. म्हणून संच सपाट मेजावर सावकाश गोल फिरवून पाहावा. पुष्कळदा केंद्राचा आवाज थोडासा उणावतो, परंतु खरखरीच्या उगमाकडे कांडीचे टोक आल्यामुळे खरखर त्याहून कितीतरी अधिक घटते, आणि तीच जागा पत्करावी. सळयांनी भरलेल्या काँक्रीटच्या घरात खिडकीलगतची जागा उत्तम.

एवढे करूनही दोष उरला तरच संचाकडे वळावे. सेल उतरले असतील तर मोठा आवाज फाटतो. नवे सेल घालणे हा पहिला उपचार. बटणाबरोबरची करकर आवाजाच्या कंट्रोलमधील कार्बनच्या पट्टीवर बसलेल्या धुळीची असते, आणि फडफड स्पीकरचा कागदी कोन फाटल्याची किंवा सरकल्याची. जुन्या व्हॉल्व्हच्या संचातील घरघर फिल्टरचा कंडेन्सर सुकल्याचे चिन्ह आहे. आणि संच तापल्यावर आवाज घुसमटू लागला, तर शेवटच्या व्हॉल्व्हला जोडलेला कागदी कंडेन्सर झिरपतो आहे असा संशय घेऊन संच ताबडतोब बंद करावा, नाहीतर तो व्हॉल्व्हही जळतो. येथे कळकळीची ताकीद द्यावीशी वाटते : वीज बंद केल्यानंतरही अशा संचातील कंडेन्सरांत प्राणघातक भार शिल्लक राहू शकतो, आणि ज्या संचांत ट्रान्सफॉर्मर नसतो त्यांच्या सांगाड्यातच वीज खेळत असू शकते, सबब तो जाणत्या कारागिरानेच उघडावा.

कित्येक घरांत वृद्ध माणसे शब्द उमगत नाहीत म्हणून आवाज वाढवीत जातात. मीडियम वेव्हवर केंद्रांमधले अंतर अवघे नऊ किलोहर्ट्झचे असल्यामुळे साधे संच वरच्या पट्टीतील कंपने छाटतात, आणि ‘स’, ‘श’, ‘फ’ यांचा भेद ज्यावर अवलंबून असतो ती कंपने बव्हंशी तेथेच असतात. अशा वेळी आवाज वाढवण्याऐवजी टोनचे बटण खर्जाकडून वरच्या स्वरांकडे फिरवावे आणि तेच केंद्र एफएमवर मिळत असेल तर तेथे ऐकावे. जुना रेडिओ भंगारात काढण्याचा विचार ज्यांच्या मनात असेल, त्यांनी तत्पूर्वी एका संध्याकाळी मेन स्विचची परीक्षा अवश्य करावी, आणि दोष संचातच निघाला तर रेडिओ दुरुस्तीची विद्या अद्याप जपणारा आपल्या गावातील कारागीर शोधून काढावा.