संगणक तापतोय? आधी हवेची वाट मोकळी करा

हौसेने सुटे भाग जोडून मुलाने गेमिंगचा संगणक बनवला. पण खेळ ऐन रंगात आला की तो बंद पडतो. लगेच नवा प्रोसेसर घेण्याची घाई करू नका. कित्येकदा दोष उष्णतेचा असतो. १०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला प्रोसेसर आधी मंदावतो, मग स्वतःला वाचवण्यासाठी संगणकच बंद करतो.

वीजजोडणी काढून पंख्यांवरची धूळ झटका. कूलरच्या तळाचे प्लास्टिकचे आवरण काढायचे राहिले नाही ना, ते पाहा. थर्मल पेस्ट मटारच्या दाण्याएवढी पुरते. पुढचे पंखे हवा आत घेणारे, मागचा बाहेर फेकणारा असावा. पंखा संगणकाला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. म्हणून नागपूरसारख्या उन्हाळ्यात कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात कोंडू नका.